सोसायटीतली उन्हाळी भाज्यांची स्पर्धा आणि खिलाडूवृत्ती : नियमात काय लिहावं?

दुपारशेंडी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत (पुणे, सिंहगड रोड) गच्चीवर उन्हाळी भाज्यांची स्पर्धा असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सगळ्यांनी बी टाकायचं, भेंडी, गवार, काकडी, दोडका, चवळी, मिरची, ज्याला जे हवं ते, आणि एप्रिल संपता संपता निकाल. प्रत्येक घराला ठरावीक ग्रो बॅग्ज, माती-कोकोपीट-शेणखत सगळ्यांना सारखंच, पाण्याचा नळ एकच. ह्या वर्षीचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय म्हणून इथे विचारतेय.

गेल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एका स्पर्धकाच्या भेंडीवर हळद्या आला, पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, रोज सकाळी लवकर येऊन पिवळी पानं तेवढी खुडून टाकायचे म्हणजे बघणाऱ्याला झाड चांगलं दिसावं. एप्रिलच्या मध्यापर्यंत गच्चीवरची जवळजवळ सगळी भेंडी गेली. चौथीतल्या एका मुलीने एकटीने लावलेली झाडं होती, तीही गेली.

दुसरी गोष्ट ह्याच्या अगदी उलट. एक कुटुंब लग्नासाठी आठवडाभर गावी गेलं होतं. त्यांचा दुधी नुकता मांडवावर चढलेला. आमच्या सी विंगमधल्या काकू, ज्या तेव्हा सगळ्यात पुढे होत्या, त्या रोज दोन्ही वेळा त्यांच्या दुधीला पाणी घालत होत्या, आणि एवढंच नाही तर संध्याकाळी फुलं उमलली की नरफूल तोडून मादीफुलाला स्वतः परागकण लावत होत्या. निकाल लागला तेव्हा ते कुटुंब पहिलं आणि काकू दुसऱ्या. काकूंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, आणि मी पाहिलंय, मनापासून वाजवल्या.

आता मीटिंगमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो मदत करणाऱ्याला जास्तीचे गुण द्या. दुसरा म्हणतो दुसऱ्याच्या बॅगेला कुणी हातच लावायचा नाही असा नियम करा, म्हणजे भांडण नको. मला दोन्ही पटत नाहीयेत, पण का पटत नाहीयेत ते नीट मांडता येत नाहीये. तुमचे विचार सांगा. बी टाकायला अजून थोडे दिवस हातात आहेत.

वाफा

चांगला विषय काढलात ताई. आधी हळद्याचं बोलतो कारण तिथे लोकांना कल्पना नसते. हा विषाणू आहे आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पिवळं पान खुडलं म्हणून झाड बरं होत नाही, विषाणू सगळ्या झाडात असतो. माशी त्या झाडाचा रस पिते आणि उडून शेजारच्या झाडावर बसते, झालं काम. उन्हाळ्यात कोरडी गरम हवा असली की पांढरी माशी भरपूर वाढते. म्हणून ह्यावर औषध असं नाही, रोगट झाड दिसलं की उपटायचं, पिशवीत घालून बाहेर काढायचं. बाकीच्यांना लगेच सांगितलं तर ते पिवळे चिकट सापळे लावतील, निंबोळी अर्क फवारतील, निदान माशी कमी होईल.

म्हणजे हे लपवणं ही त्यांची खाजगी बाब राहतच नाही. क्रिकेटमध्ये एकाने लबाडी केली तर दुसरा एक सामना हरतो. इथे पूर्ण गच्चीचं पीक जातं. माझ्या मते रोग-कीड दिसली की त्याच दिवशी ग्रुपवर फोटो टाकणं सक्तीचं करा, आणि लपवलं तर सरळ स्पर्धेतून बाद.

बियाणं घेताना 'परभणी क्रांती' मिळतंय का बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जुनं वाण आहे, हळद्याला बऱ्यापैकी तग धरतं, आणि संकरित नसल्यामुळे बी घरी धरता येतं.

अबोली

+१ वाफा. आणि पिठ्या ढेकूण विसरू नका, तो पांढरा कापसासारखा दिसणारा. जास्वंदीवर असतो तोच भेंडीवर येतो, दोघी एकाच कुळातल्या. मुंगळे त्याच्या मागे असतात कारण त्याच्या अंगातून गोड चिकट पदार्थ निघतो, आणि मुंगळेच त्याची पिल्लं इकडून तिकडे नेतात. तेव्हा कुणाच्या कठड्यावर जास्वंद असेल आणि तो स्पर्धेत नसेल तरी त्यालाही सांगावं लागेल. पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढणं हा पहिला उपाय, मग नीमतेल, लिटरला ५ मिली आणि त्यात थोडा साबण, आणि तेही संध्याकाळीच. दुपारी मारलं तर पानं करपतात.

वऱ्हाडी_मिरची

अकोल्याहून. तुमच्या पुण्याचा एप्रिल म्हणजे आमचा मार्च समजा :) इकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा गच्चीवर जिवंत राहिलेली मिरची हेच बक्षीस असतं राजेहो.

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय. स्पर्धा बरोबरीची आहे का हे आधी बघा. गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात कुणाच्या बॅगा ठेवल्या ह्यावर अर्धा निकाल लागतो. पश्चिमेच्या कठड्याला दुपारचं ऊन थेट बसतं आणि भिंतीचा तापही वरून, तिथे टोमॅटो लावणारा माणूस हरलाच. टोमॅटोला दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही गरम असलं की फुलं येतात पण गळून जातात, परागकणच निकामी होतात. त्याच वेळी पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या माणसाची कोथिंबीर सुद्धा छान येते. तेव्हा जागा चिठ्ठ्या टाकून द्या, किंवा अर्ध्या हंगामात बाजू बदला. शेडनेट लावायचं असेल तर ५० टक्क्यांचं सगळ्यांना लावा, नाहीतर कुणालाच नको. पैसेवाला जाळी लावतो आणि पेन्शनवाले काका जुनी साडी बांधतात, मग ती काय स्पर्धा झाली.

आणि बॅगा स्लॅबवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा द्या. स्लॅब तापला की मुळं शिजतात. वरून पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या काहीही पसरा, माती उघडी नको.

दुपारशेंडी

@वऱ्हाडी_मिरची, जागेचा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे, आमच्याकडे जो आधी येईल त्याची जागा असं चालतं आणि त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना नेहमी पश्चिमेचा कठडा येतो. चिठ्ठ्या टाकणारच. @वाफा, रोग कळवणं सक्तीचं हे मला एकदम मान्य. पण मग मदतीचं काय? काकूंनी केलं त्याला गुण द्यायचे का?

आजोबा५१

मी ह्या संस्थळावर फार लिहीत नाही पण इथे लिहावंसं वाटलं. फेब्रुवारी १९८०, वानखेडे. क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासाठी इंग्लंडबरोबर एकच कसोटी ठेवली होती. मी तेव्हा परळला रहायचो आणि कॉमेंट्री कानाला लावून बसायचो. त्याच सामन्यात खग्रास सूर्यग्रहण आलं म्हणून १६ तारखेला खेळच ठेवला नव्हता, सुट्टीचा दिवस केला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कप्तान होता गुंडाप्पा विश्वनाथ. आपल्या २४२ झाल्या होत्या आणि इंग्लंडचे पाच गडी ५८ वर परत गेले होते, म्हणजे सामना आपल्या हातात होता. अशा वेळी बॉब टेलर यष्टिरक्षकाकडे झेल म्हणून अंपायरने बाद दिला. विशी स्लिपमध्ये उभा होता, त्याची खात्री होती की बॅट लागलेली नाही. त्याने अंपायरशी बोलून टेलरला परत बोलावलं.

पुढे टेलर आणि बोथम ह्यांनी १७१ ची भागीदारी केली. बोथमने ११४ केल्या आणि दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले. आपण तो सामना १० गड्यांनी हरलो.

आता माझा मुद्दा. विशीला हे करायला कुठल्या नियमाने सांगितलं होतं? अंपायरने बोट वर केलं होतं, विषय संपला होता. त्याला त्याबद्दल गुण मिळणार नव्हते, उलट सामना जायची भीती होती आणि तो गेलाच. मदतीला तुम्ही ५ गुण लावलेत की पुढच्या वर्षी काकूंच्या शेजारी सहा जण दुसऱ्याच्या दुधीला पाणी घालायला झारी घेऊन उभे राहतील, आणि त्यातला एक जण मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकेल. काकूंनी केलेलं मग त्या रांगेत हरवून जाईल. कृपा करून गुण देऊ नका.

माडबन

आजोबा, काय लिहिलंत! एकदम पटलं.

गच्चीवरचा_नीलेश

आजोबांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. विश्वनाथने केलं ते मोठंच. पण संघ हरला, त्या संघात बाकीचे दहा जणही होते. कप्तानाच्या मनाच्या मोठेपणाची किंमत सगळ्यांनी दिली. सोसायटीत काकू एकट्या खेळतात म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर दुसऱ्याला दिला तर तो त्यांचा प्रश्न. पण आमच्यासारखं विंग विरुद्ध विंग असेल तर? मी माझ्या विंगच्या मुलांना काय सांगू, की समोरच्यांच्या काकडीला आपण पाणी घातलं म्हणून आपण हरलो? लहान मुलं तीन महिने राबलेली असतात हो.

आजोबा५१

नीलेशराव, तुमचा प्रश्न योग्य आहे. पण टेलर बाद नव्हता हे लक्षात घ्या. विशीने स्वतःच्या संघाचं काही काढून दिलं नाही, जे आपलं नव्हतंच ते घेतलं नाही एवढंच. समोरच्याची काकडी पाण्यावाचून वाळली म्हणून तुमची विंग जिंकली, तर ती तुमच्या मुलांनी जिंकली की उन्हाने?

कृष्णाकाठ

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. ह्या चर्चेत आमच्या शाळेचं सांगायलाच हवं. तुम्हाला माहीत असेल की शाळांमध्ये परसबागा असतात, तिथली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात जाते, आणि तालुका-जिल्हा पातळीवर परसबागेच्या स्पर्धाही होतात. आमची मुलं ह्या बागेसाठी जीव टाकतात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा जवळ आलेल्या असतात तरी पाणी घालायच्या पाळ्या कुणी चुकवत नाही.

एका वर्षी शेजारच्या गावातल्या शाळेच्या वाफ्यात शेळ्या शिरल्या आणि वांगी-मिरचीची सगळी रोपं फस्त केली. त्यांच्या बाई मला भेटल्या तेव्हा सहज बोलल्या. मी वर्गात येऊन फक्त एवढंच सांगितलं की असं असं झालंय. मी काही सुचवलं नव्हतं. आमची रोपवाटिका चांगली झाली होती, गरजेपेक्षा रोपं जास्तच होती, पण ती विकून शाळेला बॉल घ्यायचा असं मुलांचं ठरलं होतं. मुलांनी आपसात बोलून रोपं द्यायचं ठरवलं, मुळाशी ओली माती ठेवून गोणपाटात गुंडाळून सायकलवरून नेऊन दिली.

पाहणी झाली आणि ती शाळा आमच्या पुढे गेली. पाचवीतला एक मुलगा रडला. मला विचारलं, बाई, रोपं तर आपलीच होती ना? मी त्याला तेव्हा काही समजावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन त्या शाळेची बाग बघायला गेले. तिथे त्यांनी हात धुवायच्या नळाचं सांडपाणी छोटा चर काढून वाळू-विटांच्या तुकड्यांतून गाळून थेट वाफ्यांना सोडलं होतं, आळ्यांत पाचट होतं, आणि वाफ्याच्या कडेने झेंडू. रोपं आमची होती पण बाकी सगळं काम त्यांचं होतं आणि ते आमच्यापेक्षा सरस होतं, ते मुलांना डोळ्यांनी दिसलं. तोच मुलगा तिथे वाकून चराची खोली मोजत होता, वितीने. पुढच्या वर्षी आमच्या शाळेतही तसा चर झाला.

तेव्हा दुपारशेंडीताई, माझं एक सुचवणं आहे. निकालानंतर सगळ्यांनी मिळून पहिल्या नंबराच्या बॅगा बघायच्या आणि त्या माणसाने काय काय केलं ते सगळ्यांना सांगायचं, खत कधी घातलं, शेंडा कधी खुडला, सगळं. ते सांगणं बक्षीस घेण्याची अट ठेवा. जिंकणाऱ्याने लपवाछपवी करायची नाही आणि हरणाऱ्याने बघितल्याशिवाय तक्रार करायची नाही.

अबोली

कृष्णाकाठ, डोळ्यात पाणी आलं वाचून. अजून लिहा ना तुमच्या शाळेबद्दल, वेगळा धागाच काढा.

पांझरेवाला

धुळ्याकडचा आहे, साक्री तालुका. तुमच्या इथे नळ एकच आहे म्हणालात म्हणून पाण्याचं लिहितो. उन्हाळ्यात सगळी भांडणं शेवटी पाण्यावरच येतात.

आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, मोसम आणि गिरणा ह्या नद्यांवरही होती. काही शतकं जुनी. नदीला छोटे छोटे दगडी बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पीक फडाफडांतून फिरत राहतं. बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत असते, त्यामुळे सगळं नुकसान एकाच्याच वाट्याला येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडायचं नाही, त्यासाठी पाटकरी नेमलेला असतो, तो गावाचा, त्याला धान्यात मोबदला. तो ओळीने वावरं भिजवत जातो, तुमचा मुलगा सरपंच असो नाहीतर नसो. पाणी कमी असलं की फडच कमी भिजवायचे, पण जे भिजवायचे त्यात सगळ्यांना.

माझे आजोबा सांगायचे की पाटकरी झोपला असेल आणि समोरून पाणी वाहतंय तरी दुसऱ्याच्या पाळीचं पाणी कुणी वळवायचं नाही, वळवलं तर त्याला गावात कुणी चिलीम द्यायचं नाही. लेखी कायदा नव्हता पण लोक पाळायचे.

तुमच्या गच्चीवर पाटकरी नेमा. दर आठवड्याला वेगळं घर. त्या आठवड्यात त्या घराने सगळ्यांच्या बॅगांना पाणी घालायचं, सगळ्यांना सारखं, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. मग कोण गावाला गेलं, कोण नाही गेलं, प्रश्नच राहत नाही. आणि प्रतिस्पर्ध्याच्या झाडाला हात लावायचा की नाही हा वादही मिटतो, कारण हात लावणं हे पाळीचं काम होतं.

वाफा

पांझरेवाला, हे फारच उत्तम. एक व्यवहारातली अडचण सांगतो, सगळ्या भाज्यांना पाणी सारखं लागत नाही. काकडी-दुधीची पानं मोठी, त्यांना जास्त. गवार कमी पाण्यावर चालते, गवारीला जास्त पाणी झालं की नुसती पानं वाढतात. तेव्हा प्रत्येक बॅगेला रंगीत फीत लावा, निळी म्हणजे भरपूर, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे एक दिवसाआड. मालकाने फीत लावायची, पाटकऱ्याने त्याप्रमाणे घालायचं. मोठ्या बॅगेत बिनझिलईचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं तरी छान, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि एखादी पाळी उशिरा झाली तरी झाड कोमेजत नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीतून लिहितोय, इथे आत्ता बर्फ आहे, तुमचं वाचून हात शिवशिवतायत. आमची भाज्यांची सुरुवात मे महिन्याच्या मध्यात, मदर्स डे झाला की टोमॅटो-मिरची बाहेर लावायची असं इथे सगळे म्हणतात कारण त्याआधी रात्री हिम पडायची धास्ती. तोपर्यंत दुधी, भेंडी, वांगी घरात खिडकीशी पेल्यांमध्ये. जूनमध्ये खरी बाग.

आमच्या गावच्या कम्युनिटी गार्डनमध्ये प्रत्येकाला भाड्याने वाफा मिळतो. शेजारी एक इटालियन आजोबा आहेत, त्यांच्याशी माझी टोमॅटोवरून चुरस असते, पहिला लाल टोमॅटो कुणाचा. पण त्यांच्या वाफ्याच्या कुंपणाला भोक पडलेलं मला दिसलं तर मी तिथल्या तिथे बांधतो, आणि ते माझं बांधतात, कारण रानडुकरासारखी जमीन उकरणारा एक ग्राउंडहॉग नावाचा प्राणी आहे तो एकदा आत शिरला की त्याला कुणाचा वाफा आहे ते कळत नाही. हरणं वेगळीच. त्यामुळे वाफाभाऊंचं म्हणणं इथेही लागू, शेजाऱ्याचं कुंपण ते आपलंच कुंपण.

अजून एक. इथे जास्तीची भाजी फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, द्यायची पद्धत आहे, १९९५ मध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात त्याची एक मोहीम सुरू झाली, बागेत एक ओळ भुकेल्यांसाठी जास्तीची लावा अशी. तुमच्या स्पर्धेतली तोललेली भाजी नंतर कुठे जाते? सोसायटीतल्या वॉचमन, सफाईवाल्या मावश्या ह्यांच्या घरी जाऊ शकेल का?

दुपारशेंडी

@जर्सीकर, आत्तापर्यंत ज्याची त्याने घरी नेली. पण हे विचारायला हवं सगळ्यांना. छान सुचवलंत.

तवा_आणि_तडका

मला सगळ्यात आधी विचारायचंय, तुम्ही निकाल कशावर लावता? आमच्या ओळखीच्या एका स्पर्धेत सगळ्यात मोठं फळ असा निकष होता. लोकांनी भेंडी झाडावर ठेवून ठेवून वीतभर केली, ती लाकडासारखी, सुरी जात नव्हती. बक्षीस मिळालं आणि भेंडी कचऱ्यात. असल्या स्पर्धेला माझा विरोध आहे, भाजी ही खायची वस्तू आहे.

वाफा

अगदी बरोबर. आणि भेंडी जून होऊ दिली की झाड नवीन फुलं कमी धरतं, त्याला वाटतं आपलं बी तयार झालं. एक दिवसाआड कोवळी तोडली तर तेच झाड कितीतरी जास्त देतं. काकडीचंही तसंच, गवार-चवळीचंही. त्यामुळे निकष हंगामातल्या एकूण तोडणीच्या वजनावर ठेवा, प्रत्येक तोडणी गच्चीवरच्या काट्यावर, पाटकऱ्यासमोर. बोटाने टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तर भेंडी मोजायची, वाकली तर बाद.

वेगवेगळ्या भाज्यांची वजनं एकत्र करू नका हां, एका दुधीचं वजन आणि पावशेर गवार, तुलनाच होत नाही. वेलवर्गीय वेगळे, शेंगा वेगळ्या, फळभाज्या वेगळ्या, पालेभाज्या वेगळ्या.

माडबन

रत्नागिरीजवळच्या गावातून. आमच्याकडे वायंगणात, म्हणजे भात निघाल्यावर त्याच जमिनीत, लाल माठ, मुळा, वाल, पडवळ, काकडी असं करतात विहिरीच्या पाण्यावर. स्पर्धा वगैरे नाही पण चुरस असतेच, कुणाचा पडवळ सरळ आणि लांब. पडवळाच्या टोकाला दगड बांधतात ना सरळ वाढावा म्हणून, तो दगड कुणाचा किती मोठा ह्यावरही बोलणं होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण श्वेता' हे पडवळाचं वाण आलं तेव्हा ज्याच्याकडे पहिलं बी आलं त्याने पुढच्या वर्षी अख्ख्या वाडीला वाटलं. आमच्याकडे बी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. बी विकत घेतलेलं असलं तरी पुढचं बी वाटायचं. कारण पावसात तुमचं बी कुजलं, उंदराने खाल्लं तर मागायला जायचं कुणाकडे, ज्याला दिलंय त्याच्याकडेच ना.

म्हणून म्हणतो, प्रत्येक स्पर्धकाने एक फळ बियाण्यासाठी झाडावर ठेवायचं आणि ते बी सगळ्यांत वाटायचं असं करा. त्या एका फळाचं वजन धरू नका.

अबोली

माडबन, कल्पना फार आवडली. फक्त दोन गोष्टी. संकरित बियाण्याचं फळ ठेवलं तर पुढच्या पिढीत झाडं मूळ वाणासारखी येत नाहीत, तेव्हा सुधारित वाणांचंच बी धरा, परभणी क्रांती भेंडी, पुसा नवबहार गवार, पुना खिरा काकडी असं. आणि काकडीच्या दोन जाती शेजारी असतील तर मधमाश्या त्यांचं मिश्रण करतात. ज्या मादीफुलाचं बी धरायचंय त्याला आदल्या संध्याकाळी मलमलची पिशवी बांधायची, सकाळी त्याच जातीच्या नरफुलाने हाताने परागीकरण करायचं आणि परत बांधायची. दोडका-दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात त्यांचं काम संध्याकाळी. हे शिकायला दोघं लागतात, एकाने पिशवी धरायची, एकाने फूल. समोरच्या विंगचा माणूस जोडीला घ्या.

आणि दुधी कडू लागला तर तो अजिबात खायचा नाही हे गच्चीवर लिहून लावा. त्याने गंभीर विषबाधा होते. परीक्षकांनी आधी जिभेला छोटा तुकडा लावून बघायचा, कडू लागला तर लगेच थुंकायचा.

गच्चीवरचा_नीलेश

आजोबांच्या त्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतोय. माझी मुलं नववीत आणि सहावीत आहेत, त्यांना जेवताना वानखेडेची गोष्ट सांगितली. धाकटा म्हणाला कबड्डीत आम्ही पण टच झाला की हात वर करून बाहेर जातो, पंचांनी बघितलं नसलं तरी, सर म्हणतात म्हणून. मोठी म्हणाली की मग समोरच्यांच्या काकडीला पाणी घालूया पण आपण जास्त मेहनत करूया. मला ह्यापुढे काही बोलता आलं नाही. पाटकरी पद्धत आमच्या विंगमध्ये पण सुचवतो.

बरोबरी झाली तर काय करणार ताई? तोही नियम लिहून ठेवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा टांबेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले, पुढे उडी मारून फैसला करता आला असता, पण दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. दहा-वीस ग्रॅमवरून काट्याशी भांडण्यापेक्षा तसं करा.

आजोबा५१

नीलेशराव, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

दुपारशेंडी

काल मीटिंग झाली. जवळजवळ दोन तास चालली, पण ह्या धाग्यातलं बरंचसं मंजूर झालं. जागा चिठ्ठ्यांनी. पाटकरी दर रविवारी बदलणार, पहिला आठवडा सी विंगच्या काकूंनी मागून घेतला. शेडनेट सोसायटीच्या खर्चाने सगळ्यांवर एकच. रोग किंवा कीड दिसल्यावर त्याच दिवशी कळवायची, लपवली तर त्या भाजीतून बाद. ह्यावर एक जण नाराज झाले, पण त्या चौथीतल्या, आता पाचवीत गेलेल्या मुलीने उभं राहून सांगितलं की मला आधी कळलं असतं तर माझी झाडं मी बाजूला नेली असती, त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मदतीला गुण नाहीत. ह्यावर मतदान घ्यावं लागलं, आजोबांची पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवली. जिंकणाऱ्याने सगळं सांगायचं हेही ठरलं. एकूण तोडणीचं वजन, चार गट. बरोबरी झाली तर नंबर वाटून.

बियाण्याचं फळ ठेवायचं की नाही ते ऐच्छिक राहिलंय, गच्ची लहान आहे म्हणून काहींना जड वाटतंय. भाजी वाटायचं अर्धंमुर्धं ठरलं, दर बुधवारची तोडणी वॉचमनकाका आणि मावश्यांकडे जाईल, बाकीची घरी.

@अबोली, मलमलच्या पिशव्या केवढ्या शिवायच्या? आणि परभणी क्रांतीचं बी पुण्यात नक्की कुठे मिळेल, दोन दुकानांत विचारलं तर संकरितच पुढे करतात.

अबोली

काकडीच्या फुलाला साधारण तळहाताएवढी पुरते, दुधीच्या फुलाला थोडी मोठी, तोंडाला नाडी घाला. पण फार घट्ट आवळू नका, देठ मोडतो.

वाफा

बी माझ्याकडे आहे गेल्या हंगामातलं, घरीच धरलेलं. पाच-सहा घरांना पुरेल. लावायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि एका बॅगेत तीन दाणे टाका, उगवल्यावर एक जोमदार ठेवून बाकीची काढा. मी कोथरूडला असतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो पत्ता, शनिवारी संध्याकाळी कुणीतरी येऊन घेऊन जा. गवारीचं बी कुणाकडे असेल तर मला हवंय.

माडबन

गवार नाही पण पडवळ आणि लाल माठ आहे. पुढच्या आठवड्यात भाऊ पुण्याला येतोय, त्याच्याकडे पाठवतो, दोन्ही विंगना पुरेल एवढं. पडवळाला दगड बांधायचा तर फळ बोटभर झालं की लगेच बांधा, आणि आधी अगदी हलका बांधा.